मोजणी ऑफिसातल्या ट्रेसरनं काढलेला बोर्ड

मला राग लवकर येतो आणि बहुतेक वेळा तो चुकीच्या माणसावर निघतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्या माणसाबद्दल लिहायला बसलो आहे त्याच्यावरही मी एकदा त्याच्याच घरात, त्याच्याच चटईवर बसून भडकलो होतो. त्यानं ते मनावर घेतलं असतं तर आमच्या घरची त्या वर्षीची ज्वारी गेली असती, आणि वडिलांचा शब्दही.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. आमचं गाव उस्मानाबाद जिल्ह्यातल्या वाशीकडचं. गावाशेजारचा तलाव मोठ्या दुष्काळात, रोजगाराच्या कामावर झालेला. त्याच्या भिंतीची माती माझ्या आईनंही डोक्यावरून वाहिली होती. पुढं शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली, तलावावर दोन पंप बसवले आणि पाइप टाकून पाणी वावरांपर्यंत नेलं. पाइपच्या तोंडाशी मोठ्या शेतकऱ्यांची जमीन होती. शेपटाला आम्ही अकरा घरं.

पाणी पाळीनं मिळायचं आणि पाळी घड्याळावर चालायची. प्रत्येकाला सहा तास. पण वीज कुणाच्या घड्याळावर चालत नव्हती. दोन तास असायची, एक तास नसायची, कधी दोन पंप फिरायचे तर कधी एकच. वीज गेली की पाइप रिकामा व्हायचा आणि परत आली की शेपटापर्यंत भरायला पाऊण तास लागायचा. तो पाऊण तास आमच्या पाळीतून जायचा. सहा तासांतला दीड तास पाणी मिळालं तरी नशीब म्हणायचं. तोंडाशी असलेल्यांना याचा काही त्रास नव्हता, त्यामुळं त्यांना घड्याळ लई न्यायी वाटायचं.

मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून परत आलो होतो. वाशीत रेडिओ आणि मोटारीचे स्टार्टर दुरुस्त करायचो. कॉलेजात शिकताना एक किट घेतलं होतं. एकाच बोर्डावर मावणारा कॉम्प्युटर, चाळीस पायांची मुख्य चिप, थोडी मेमरी आणि आकडे दाखवायला सहा लाल दिवे. त्यावर मी पाण्याचा हिशोब बसवला. कुठला पंप चालू आहे, किती वेळ, पाइप भरायला किती वेळ गेला, हे सगळं वजा-जमा करून खरं पाणी किती मिळालं ते दाखवायचं आणि पाळी संपली की घंटा वाजवायची. साधं तास मोजायचं मीटर का लावत नाहीस, असं दोघातिघा शहाण्यांनी विचारलं. मीटरला पाइप भरतोय की वावर भिजतंय यातला फरक कळत नाही, हे त्यांना सांगता सांगता माझा घसा बसला.

संस्थेची बैठक झाली. पाऊस त्या वर्षी पोळ्यानंतर पडलाच नव्हता. तलावात होतं तेवढ्या पाण्यात रब्बीला प्रत्येकाची एकच पाळी बसत होती. तोंडाकडची मंडळी म्हणाली, पोराच्या खेळण्यावर एवढं पाणी सोडायचं का? चेअरमन भला माणूस, पण त्यालाही सगळ्यांना सांभाळून घ्यायचं होतं. तेवढ्यात माझे वडील उठले. ते बैठकीत कधी बोलत नसत. म्हणाले, "यंत्रावर पाळी द्या. ते चाललं न्हाय तर माझी पाळी माझ्या नावावरनं काढा. दुसऱ्या कुणालाबी द्या."

एकच पाळी होती आणि ती त्यांनी गहाण टाकली. मी भर बैठकीत त्यांचा सदरा ओढला. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. चेअरमननं पाणी सोडायचा दिवस ठरवला आणि बैठक उठली. मला अडीच महिने मिळाले.

किट पंपघरात नेऊन ठेवलं तर दुसऱ्याच दिवशी घोटाळा. किटला मी पंपाच्या, दिव्यांच्या, घंटेच्या पन्नासेक तारा बाहेरून जोडल्या होत्या. पंप सुरू झाला की टेबल थरथरायचं आणि कुठलीतरी तार निसटायची. हे टिकायचं तर सगळं एकाच पक्क्या बोर्डावर यायला हवं होतं. बोर्ड म्हणजे तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेला फळीसारखा तुकडा. त्यावरचं नको असलेलं तांबं रसायनात विरघळवतात, आणि उरतात त्या रेघांमधून वीज जाते. पण कुठली रेघ कुठून जाणार, हे आधी कुणीतरी दुप्पट मापात, काळ्याभोर रेघांनी काढून द्यावं लागतं. मग त्याचा फोटो काढून लहान करतात. पुण्यात बोर्ड बनवणारे होते. ते म्हणाले, चित्र आणा, आठ दिवसांत बोर्ड घेऊन जा. चित्र काढणाऱ्याचं नाव-गाव विचारलं तर त्यांनी एक जिना दाखवला.

जिन्यावरचा डिझायनर पांढऱ्या बुशशर्टातला सभ्य माणूस होता. त्यानं माझा सर्किटचा कागद नीट पाहिला, चहा सांगितला आणि विचारलं, "किती नग?"

"एक."

"एका नगासाठी आम्ही टेबलावर बसत नाही हो. शंभर असतील तेव्हा या."

मी त्याला शेपटाची अकरा घरं, पाऊण तास, वडील, सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि खरोखरच वाईट वाटल्यासारखा म्हणाला की सहा महिने तरी त्याचा हात मोकळा नाही. मी चहा अर्धा ठेवून उठलो. चहावर राग काढण्यात अर्थ नव्हता हे मला परतीच्या गाडीत, येडशी येईपर्यंत कळलं, आणि तोवर भूकही लागली होती.

मग मी स्वतः काढून बघितलं. माझा हात डागकाम करायला, कथलानं तारा जोडायला चांगला आहे, रेघेला नाही. वीतभर गेलो की रेघ शेजारणीला जाऊन चिकटायची. मग कुणीतरी तेरखेड्याच्या एका पेंटरचं सुचवलं. फटाक्यांच्या खोक्यांवर चित्रं काढणारे. त्यांनी मोठ्या हौसेनं काम घेतलं आणि तीन दिवसांत दिलंही. रेघा अशा सुरेख की बघत राहावं. फक्त जिथं जिथं रिकामी जागा होती तिथं त्यांनी वेलबुट्टी भरली होती. "एवढी मोकळी जागा बरी न्हाय दिसत," म्हणाले. त्यांच्या वेलीनं निम्म्या चिपांचे पाय एकमेकांना बांधून टाकले होते. त्यांच्यावर मात्र मला रागावता आलं नाही. तो कागद मी बरीच वर्षं दुकानात लावून ठेवला होता.

एक महिना असाच गेला. ज्वारी गुडघ्याला लागली होती आणि दुपारी पानं मिटून उभी राहायची. त्यातच चेअरमननं मला पाइपलाइनच्या एका कामासाठी गावाच्या नकाशाची नक्कल आणायला जिल्ह्याच्या मोजणी ऑफिसात पाठवलं. खिडकीतून नक्कल हातात आली आणि मी तिथंच उभा राहिलो. मागच्या माणसानं दोनदा सरका म्हटलं. आमचं अख्खं गाव हातभर कागदावर होतं, शेकडो तुकडे, आणि केसाएवढ्या रेघा एकमेकींच्या शेजारून जात होत्या. एकही कुठं चुकून टेकलेली नव्हती.

"हे कुणी काढलं?" मी विचारलं.

"ट्रेसरनं. नकाशाच्या नकला तेच काढतात. आत बसतात. का, काय चुकलं का?"

आत उतरत्या टेबलाशी पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते. जाड भिंगाचा चष्मा, दोन्ही मनगटांवर शाई लागू नये म्हणून कापडाच्या बाह्या. मी माझा कागद त्यांच्यापुढं ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी कागद उलटा-सुलटा करून बघितला.

"उत्तर कुणीकडं हाय?" त्यांनी विचारलं.

"याला उत्तर नसते, साहेब."

"मला लागती. त्याबिगर हात चालत न्हाय." त्यांनी पेन्सिलीनं माझ्या कागदाच्या डोक्यावर बाण काढला. "रविवारी घरी या. हे सरकारी टेबलावर न्हाय करायचं."

उस्मानाबादेत त्यांचं घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली फळीवर पुस्तकं. खिडकीची एक काच काढून त्यांनी दोन ट्रंकांवर आडवी ठेवली होती आणि खाली आरसा मांडला होता. अंगणातलं ऊन आरशावर पडून काचेतून वर यायचं आणि तिच्यावर ठेवलेली चित्र काढायची पारदर्शक फिल्म उजळून निघायची. ऊन सरकलं की त्यांच्या बाई येऊन आरसा थोडा वळवून जायच्या. मी असले चार रविवार बघितले. वाशीहून पहिल्या एसटीनं जायचो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचो.

त्यांची काम करायची रीत मोजणीची होती आणि तीत ते कुणासाठी बदल करणार नव्हते. प्रत्येक चिपला त्यांनी गट नंबर दिला. वीज पुरवणारी जाड रेघ म्हणजे गाडीवाट, बारीक रेघा म्हणजे पाऊलवाटा. एका रेघेला दुसरी ओलांडावी लागली की ते पेन उचलून म्हणायचे, "इथं मोरी टाकावी लागंल," आणि मी तिथं वरून तार टाकायची खूण करायचो. पुण्याचा डिझायनर याला काय म्हणाला असता कोण जाणे. मला मात्र पहिल्यांदाच माझंच सर्किट नीट समजायला लागलं.

चौथ्या रविवारी चित्र पुरं झालं. मी काचेवर वाकून बघू लागलो आणि माझं डोकं फिरलं. मुख्य चिपकडून मेमरीकडं आठ रेघा शेजारीशेजारी जायला हव्या होत्या. मधे एका जागी त्यांतल्या दोन जवळ येऊन एकच झाल्या होत्या. चार बोटं एकत्र चालून पुन्हा वेगळ्या झाल्या होत्या.

"हे काय आहे?"

"बांध," ते शांतपणे म्हणाले.

"कसला बांध?"

"दोन वावरं एकमेकाला लागून आली की मधी बांध एकच असतो. दोघांचा मिळून. तिथं दोन रेघा काढल्या तर वरचा साहेब विचारतो, मधली जमीन कुणाची?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं आणि त्यात कधी चूक निघाली नव्हती. पण मला तेव्हा फक्त वडिलांची पाळी दिसत होती. मी म्हणालो की ही वावरं नाहीत, इथं दोन रेघा टेकल्या की सगळं मेलं, एवढं साधं कळत नसेल तर काम घ्यायचंच कशाला. चार रविवार वाया घालवले असंही म्हणालो. आवाज चढला होता. आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला.

त्यांनी चष्मा काढला, बाहीनं पुसला आणि परत लावला. "चूक माझी हाय," म्हणाले. "बांध फोडून देतो." त्यांनी ब्लेडनं शाई इतकी अलगद खरवडली की फिल्मला चरा गेला नाही. तासाभरात तिथं दोन रेघा उभ्या राहिल्या. मी हात पुढं केला तर त्यांनी फिल्म दिली नाही.

"चतुःसीमा वाचल्याबिगर नक्कल बाहेर जात न्हाय."

मोजणीत प्रत्येक तुकड्याच्या चारी बाजू बोलून दाखवतात. पूर्वेला कुणाचं वावर, पश्चिमेला काय, दक्षिणेला ओढा की रस्ता. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं, आणि जुळलं तरच खूण करायची. कोणतीही बाजू कोरी ठेवायची नाही. मला गाडी गाठायची होती. पण नुकताच ओरडलो होतो, त्यामुळं नाही म्हणायला तोंड नव्हतं. ते विचारत गेले, मी माझ्या कागदात बघून सांगत गेलो. चाळीस पायांच्या चिपचे चाळीस पाय. मग मेमरी. मग दिवे. बाईंनी मधे भाकरी आणि पिठलं आणून ठेवलं, माझ्याकडं न बघता. ते खाऊन आम्ही पुन्हा बसलो.

शेवटी ते कोपऱ्यातल्या एका चौकोनावर आले. "ह्यो गट?"

"बॅटरीचा डबा."

"पूर्वेला?"

"काही नाही."

"पश्चिमेला?"

"काही नाही."

त्यांनी चारी बाजू विचारल्या. मग पेन्सिल कानावर ठेवली. "वाट नसलेलं वावर असतं व्हय? माणूस त्यात जाणार कसा?"

मी कागद बघितला, पुन्हा बघितला. बॅटरीकडून मेमरीकडं जाणारी रेघ कागदावर नव्हतीच. किटवर ती एक लाल तार मी कधीतरी घाईत हातानं जोडली होती आणि ती कागदावर उतरवायचं राहून गेलं होतं. वीज जाते तेव्हा त्याच एका तारेच्या जिवावर मेमरी आकडे धरून ठेवते. असंच चित्र पुण्याला गेलं असतं तर वीज गेली की प्रत्येकाचा हिशोब पुसला गेला असता. घड्याळ बरं, असं सगळे म्हणाले असते, आणि त्यांचं बरोबर असतं. पाणी सोडायला तेव्हा तीन आठवडे उरले होते. दुसरा बोर्ड करायला सवड नव्हती.

त्यांची चूक मला दिसली ती डोळ्यांनी. माझी चूक त्यांना दिसली ती रीतीनं. ते काय काढत आहेत याची त्यांना काडीचीही माहिती नव्हती, तरीही त्यांनी ती पकडली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, "वाट कुठनं देऊ ते सांगा. ऊन चाललंय." बाईंनी आरसा वळवला. त्यांनी बॅटरीपासून मेमरीपर्यंत एक रेघ काढली, तिच्यावर दोन मोऱ्या टाकल्या, चारी सीमा पुन्हा वाचल्या आणि मग फिल्म गुंडाळून माझ्या हातात दिली. मोबदल्याचं विचारलं तर नुसता हात हलवला.

घरी येऊन मी वडिलांना सगळं सांगितलं, ओरडल्याचंही. त्यांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, "आपल्या पाळीच्या दिवशी त्यांना घेऊन ये."

बोर्ड पुण्याहून आला. मी तीन दिवस बसून सगळे पाय डागले. सुरू केल्यावर सहाही दिवे लागले आणि आकडे पुढं सरकू लागले. तोंडाकडचे एक गृहस्थ मनगटावरचं घड्याळ काढून दोन दिवस पंपघरात बसून होते. तिसऱ्या दिवशी वीज अर्धा दिवस गेली आणि आल्यावर बोर्डानं थांबला होता तिथून पुढं मोजायला सुरुवात केली. त्यांनी घड्याळ परत मनगटाला बांधलं आणि चेअरमनला म्हणाले, "ठीक हाय." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं. शेपटाच्या दहा घरांच्या ज्वारीला त्या वर्षी पहिल्यांदा भरपेट पाणी मिळालं. अकरावं घर आमचं, पाइपच्या अगदी टोकाला.

आमच्या पाळीला ट्रेसरसाहेब आले. मी त्यांना वाशीच्या स्टँडवरून सायकलवर डबलसीट आणलं. धुतलेला पांढरा शर्ट, पायात ऑफिसचे बूट. ते बांधावर उभे राहून पाइपच्या तोंडातून उसळणारं पाणी बघत होते. वडिलांनी त्यांना हात जोडले आणि आपल्या हातातलं खोरं त्यांच्यापुढं धरलं. आमच्याकडं एक वाफा भरला की खोऱ्यानं मातीची आड फोडून पाणी पुढच्या वाफ्यात घालतात. त्याला दारं धरणं म्हणतात.

"साहेब, दारं तुम्ही धरा."

"मला येत न्हाय हो," ते मागं सरकत म्हणाले. "आमाला वावर नव्हतं कधी. माझ्या बापानं जलमभर लोकांच्या वावरात दारं धरली. म्या नुसत्या रेघा वढल्या."

"म्हणून तर," वडील म्हणाले. "धरा."

त्यांनी बूट काढले, मोजे घडी करून बुटात घातले, पँट वर दुमडली आणि चिखलात उतरले. पहिलाच वाफा भरला आणि त्यांनी नेमकी उलट्या बाजूची आड फोडली. पाणी पुढच्या वाफ्यात न जाता शेजारच्या पडीक तुकड्यात शिरलं. बोर्ड तिकडं पंपघरात आमचं पाणी मोजत होता. मी ओरडायला पुढं झालो तर वडिलांनी माझा दंड धरला. ट्रेसरसाहेब गुडघाभर चिखलात उभे होते, चष्म्यावर शिंतोडे उडालेले, आणि खोऱ्यानं माती ओढायचं विसरून आपल्या हातानं सोडलेल्या त्या पाण्याकडं बघत होते. बघता बघता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

आमच्या पाळीतली दहाएक मिनिटं अशी त्या पडीक जमिनीत गेली. थेंबाथेंबाला जपणाऱ्या माझ्या बापानं ती जाऊ दिली, आणि साहेबांचं बघून झाल्यावरच दुसरं खोरं घेऊन तो खाली उतरला.